कुंभारणींची भिंत

३ मार्च, मंगळवार

शनिवारच्या नोंदीत एक चूक आहे. अनुदान मिळाल्याचे घरी सांगितले तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत, असे मी लिहिले. ते खरे नाही. बाबा म्हणाले, "मग आता किडे पाळणार?" आणि पंप धुवायला मागच्या अंगणात गेले. मला तो टोमणा वाटला, म्हणून मी लिहिला नाही. आज वाटते, साधा प्रश्नही असेल. काहीही असो, ते बोलले होते.

बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी संशोधन करते त्यांनी, पहिल्याच आठवड्यात शिकवले की निरीक्षणाच्या वहीत काही खोडायचे नाही. चुकलेल्या ओळीवर एकच बारीक रेघ मारायची, खालची अक्षरे वाचता आली पाहिजेत, आणि पुढे तारीख घालून बरोबर काय ते लिहायचे. मी तोच नियम इथेही लावते. भुंगा म्हणतो हा रोग आहे. भुंगा माझ्या दोन वर्षे पुढे आहे. सूक्ष्मदर्शकावर बसला की गुणगुणतो, म्हणून हे नाव. त्यालाही ते आवडते.

सगळे नीट लिहून ठेवते. कीटक-अभ्यासकांचे मंडळ दर वर्षी दोन विद्यार्थ्यांना वर्षभराचे अनुदान देते. यंदा त्यातली एक मी. विभागाकडे माझ्यासाठी शिष्यवृत्ती उरलेली नाही. हे मिळाले नसते तर ही सहामाही शेवटची होती, आणि मग आईच्या भाषेत मला 'कुठेतरी चिकटावे' लागले असते. अट एकच आहे: जिथे काम करणार ती जागा वर्षभर जशीच्या तशी राहिली पाहिजे. महिनाअखेर मंडळाचे निरीक्षक जागा पाहून जातील, त्यानंतर सगळे पक्के.

मुलाखतीत त्यांनी विचारले होते, घरी या क्षेत्रात कोणी आहे का. मी नाही म्हटले. आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली, तेव्हा उत्तर बरोबरच होते. मुलाखतीहून येऊन हे घरी सांगितल्यावर बाबा हसले होते. "क्षेत्रातच आहे की मी. फक्त दुसऱ्या बाजूला."

बाबा घरोघरी, दुकानांत आणि शाळांत फवारणी करतात. झुरळे, वाळवी, ढेकूण, जे असेल ते.

५ मार्च, गुरुवार

दिवसभर माझ्या कामाच्या जागी, म्हणजे शाळेच्या मागच्या भिंतीपाशी होते; घरीही ही जागा सगळ्यांना माहीत आहे. शाळेचे कोठार आहे, त्याच्या पाठीमागची ही भिंत. छपराची पट्टी बरीच पुढे आलेली असल्याने सावली असते, आणि दहा पावलांवर एक गळका नळ आहे, त्यामुळे चिखलाची सोय. कुंभारणींना आणखी काय हवे? एवढ्या कुंभारीण माश्यांची घरे एका भिंतीवर मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. चिखलाची बोटे शेजारी शेजारी ठेवल्यासारखी दिसतात. प्रत्येक बोटात एक अंडे, आणि त्याच्यासाठी सुन्न करून कोंबलेले कोळी.

मला पाहायचे आहे ते एवढेच: या भिंतीतून बाहेर पडलेली मादी स्वतःचे घर बांधायला याच भिंतीवर येते, की वाट फुटेल तिकडे जाते. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर मी रंगाचा ठिपका देते. आज दोघींना पिवळा दिला. एकीने माझ्या अंगठ्यावर बसून तो पायांनी पुसून पाहिला. वाळला होता.

भुंग्याला हा विषय समजावून सांगितला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मुली माहेरी येतात का, एवढंच ना?" बाई शेजारीच होत्या. "अर्जात असं लिहिलं नाहीस म्हणून मिळालं," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापिका मला मॅडम म्हणतात. मधल्या सुट्टीत शिपायाबरोबर चहा पाठवतात. मी कोणाची मॅडम नाही, हे त्यांना दोनदा सांगून झाले.

९ मार्च, सोमवार

एक मूल कुंभारणीला घाबरून पळाले आणि पडून गुडघा फोडून घेतला. पालकांनी तक्रार केली. मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावले आणि खरोखर वाईट वाटून सांगितले, "मॅडम, ती भिंत आता साफ करून घ्यावी लागेल. खरवडून, वर फवारणी. आमचा नेहमीचा माणूस आहे, तो करेल."

मी म्हटले की या माश्या सहसा चावत नाहीत. मलाच ते पुस्तकातून वाचून दाखवल्यासारखे वाटले. "तुम्हाला माहीत आहे, मला पटतं आहे," त्या म्हणाल्या, "पण पालकांना कोण पटवणार? त्याला निरोप दिला आहे. तो सवडीने येईल. तोवर तुमचं जेवढं होईल तेवढं करून घ्या."

नेहमीचा माणूस म्हणजे बाबा. या संस्थेच्या चारही शाळा गेली पंधरा वर्षे बाबांकडे आहेत, आणि वर्षाचे बांधलेले काम त्यांच्याकडे तेवढेच आहे. बाकीचे म्हणजे आज आहे, उद्या नाही. विद्यापीठाच्या पत्रावर माझे आडनाव आहे, पण शाळेत बाबांना आडनावाने कोणी ओळखत नाही. ते फवारणीवाले.

तिथेच सांगता आले असते. समोर टेबलावर चहा होता, खोलीत तिसरे कोणी नव्हते. मी बोलले नाही. संकोच वाटला असे लिहिणार होते, पण तो शब्द पुरत नाही. दुसरा सापडला की लिहीन.

१० मार्च, मंगळवार

बाबांना विचारायचे नाही, असे ठरवले. मी शब्द टाकला तर ते काम सोडतील, आणि सोडले असे म्हणणारही नाहीत. घर त्या कामावर उभे आहे. नाही विचारले तर भिंत जाईल. दोन्ही बाजूंनी विचार केला आणि शेवटी भाजी निवडायला बसले.

बाबांचे फोन आई घेते. 'ऑफिसमधून बोलते' म्हणते. ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. आज मी समोर असतानाच तिने विचारले, "अहो, त्या शाळेचा फोन होता. कधी येताय म्हणून."

"पंप बिघडलाय सांग."

"सकाळी तर धान्याच्या दुकानात मारून आलात."

"त्यानंतर बिघडला."

आईने फोन लावला आणि ऑफिसच्या आवाजात तसे सांगितले. जेवण झाल्यावर बाबांनी पंप धुतला. त्यातून पाणी व्यवस्थित उडत होते. बाबा थकले असावेत. अलीकडे जिना चढताना मध्ये थांबतात. डॉक्टरकडे चला म्हटले तर हसण्यावारी नेतील.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी चहाच्या वेळी बाबांनी एकदम विचारले, "ती चिखलवाली आत किती दिवस राहते ग?"

माझ्या हातातला कप खाली ठेवला गेला. "तीन-चार आठवडे. हवेवर असतं."

"मग बाहेर?"

"मग बाहेर."

"आणि परत नवी घरं."

"हो."

"म्हणजे आताची सगळी निघून जायला महिना धर." बाबांनी कॅलेंडरकडे पाहिले. "बरं."

एवढेच. ते कामाची आखणी करत होते हे उघड आहे. एकदा सगळ्या बाहेर पडल्या की भिंत खरवडायला सोपी. मी खोटे उत्तर देऊ शकले नाही. पण शत्रूला वाट दाखवल्यासारखे दिवसभर वाटत राहिले. शत्रू हा शब्द बाबांसाठी लिहिला याचे वाईट वाटते. रेघ मारलेली नाही, कारण वाटले ते तसेच वाटले.

१६ मार्च, सोमवार

आज मी भिंतीपाशी स्टुलावर उभी असताना मुख्याध्यापिका बाबांना घेऊन आल्या.

"या विद्यापीठातल्या मॅडम," त्या म्हणाल्या. "आणि हे आपले फवारणीवाले."

बाबांनी हात जोडले. "नमस्कार, मॅडम."

मी नमस्कार म्हटले. स्टुलावरून उतरलेही नाही. माझ्या एका हातात ठिपके द्यायची काडी होती आणि रंग वाळत होता. हे कारण नाही, फक्त काय होते ते लिहिते.

बाबांनी भिंतीवर पंजा ठेवला, वर पाहिले आणि म्हणाले, "ही भिंत ओली आहे. ओलीवर औषध धरत नाही. वाया जाईल. सुकू दे आठ-पंधरा दिवस." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मला तर कोरडी दिसते." बाबा म्हणाले, "आतून ओली आहे."

ते गेल्यावर मी हात लावून पाहिला. भिंत खडखडीत कोरडी होती, आतून-बाहेरून. इतक्या वर्षांत बाबांची अशी चूक मी ऐकलेली नाही. नजर कमी झाली असावी. हातालाही कळले नाही म्हणजे लक्ष नसावे. डोळे तपासून घ्यायला हवेत.

संध्याकाळी आईने विचारले, "शाळेत काय झालं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "एका मॅडमची ओळख झाली."

माझ्याकडे न पाहता म्हणाले. आई हसली. बाबांना माझा राग आला असणार, आणि तो बरोबरच आहे. मी मान खाली घालून जेवले.

१७ मार्च, मंगळवार

भिंत जाणार असल्याचे बाईंना सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या खरोखर काळजीत असल्या की असे करतात.

"मंडळाचा माणूस येईल आणि समोर पांढरीफेक भिंत. मग काय दाखवणार त्याला? मी विद्यापीठातर्फे कडक पत्र देते. शाळेच्या आवारात असला कोणीही येऊन विष मारतो, त्याला काही शिक्षण आहे का, परवाना आहे का. त्या माणसालाच बंद करू. कोण आहे तो?"

"माझे बाबा."

बाईंचा हात चष्म्यावर थांबला. खिडकीशी भुंगा गुणगुणत होता, तोही थांबला. मग उठून कुठलीतरी बाटली शोधायला बाहेर गेला.

"हे तू आधी सांगायला हवं होतंस," बाई म्हणाल्या.

"हो."

"परवाना आहे ना त्यांच्याकडे?"

"आहे. दर वर्षी नवा करतात."

"बरं. पत्र राहू दे मग." त्यांनी चष्मा घातला. "घरातलाच माणूस आहे, तर सांग की त्यांना सरळ. एका भिंतीचा तर प्रश्न आहे."

मी म्हटले, एका भिंतीचा नाही, चार शाळांचा आहे. मग सगळे सांगितले. बाईंनी मंडळाचे नियमपत्र काढून वाचले. शेवटी म्हणाल्या की जागा किंवा विषय बदलायला मंडळ कधी कधी मान्यता देते. बहुतेक वेळा देत नाही, यादीतल्या पुढच्याला अनुदान देते. "तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, असं विचारू नकोस," त्या म्हणाल्या. मी विचारले नव्हते.

जाताना भुंग्याने जिन्यात गाठले. "तुझे बाबा फवारणी करतात हे तीन वर्षांत सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

"माझे मामा मासे मारतात आणि मामी माशांवर भूतदयेची व्याख्यानं देते," तो म्हणाला. "त्यांचं तीस वर्षं बरं चाललंय." हे खरे की त्याने तिथेच रचले, कळले नाही. बरे वाटले.

२० मार्च, शुक्रवार

मुख्याध्यापिकांनी स्वतःहून थांबवले. "मॅडम, तुमच्यासाठी वाईट बातमी आहे. पुढच्या शनिवारी, अठ्ठावीसला, एका कंपनीची माणसं येतील. मोठी शिडी, यंत्रं, सगळं घेऊन. एका सकाळीत भिंत मोकळी."

मी विचारले, तुमचा नेहमीचा माणूस?

"त्याचं काय बिनसलंय कळत नाही. आधी म्हणे पंप बिघडला. मग भिंत ओली. आज फोन केला तर म्हणे औषध बाजारात नाही. पंधरा वर्षांत एका शब्दाने तक्रार करायला जागा दिली नाही हो त्याने, आणि आता ही टोलवाटोलवी. कंपनी म्हणते चारही शाळा देणार असाल तर येतो. मी संस्थेला तसं कळवते आहे. सोमवारी सह्या होतील."

मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. पिवळ्या ठिपक्याची एक कुंभारीण नळाकडून चिखलाची गोळी घेऊन येत होती. वही काढली नाही.

दुरुस्ती. १० तारखेला लिहिले की बाबा थकले असावेत. बाबा थकलेले नाहीत. १३ तारखेला लिहिले की ते कामाची आखणी करत होते. आखणीच करत होते, पण ती मला वाटली ती नव्हे. १६ तारखेला लिहिले की नजर कमी झाली असावी, लक्ष नसावे, राग आला असावा. तिन्ही चूक. तिन्हींवर रेघ मारली आहे.

निरीक्षणे सगळी बरोबर होती. पंप नीट चालत होता, भिंत कोरडी होती, त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले होते. मी माझ्या हाताने सगळे लिहून ठेवले आणि त्यातून काढायचे ते सोडून भलतेच काढले.

२१ मार्च, शनिवार

सकाळी बाबा अंगणात पायरीवर बसून पंपाचा पट्टा शिवत होते. मी शेजारी बसले.

"बाबा, भिंत कोरडी होती."

"होती."

"मला सांगायचं तरी."

"तू कुठे सांगितलंस?" त्यांनी दाताने दोरा तोडला. "वर उभी होतीस, हातात ती काडी. मी म्हटलं, आता ही खाली उतरून बाबा म्हणते की काय. नाही म्हणालीस, बरं झालं."

"बरं कसं झालं?"

"अग, फवारणीवाल्याची पोर म्हटल्यावर चहा आला असता का तुला?"

मुख्याध्यापिकांनी तरीही चहा पाठवला असता असे मला वाटते, पण खात्री नाही. मी कंपनीचे सांगितले. अठ्ठावीस तारीख, चारही शाळा, सोमवारी सह्या. बाबांना ते माहीत नव्हते. नवा दोरा ओवलेली सुई पट्ट्यात अर्धी तशीच राहिली.

"भिंतही जाणार?"

"हो."

"म्हणजे एवढं नाटक करून..." ते स्वतःशीच हसल्यासारखे झाले. "पंधरा वर्षं खरं बोललो तर काम टिकलं. तीनदा खोटं बोललो तर गेलं. मला ते जमतच नाही बघ."

मी म्हटले, मी जाऊन मुख्याध्यापिकांना सांगते की तुम्ही माझे वडील आहात आणि का टाळत होता.

"अजिबात नाही." आवाज चढला. बाबांचा आवाज फार क्वचित चढतो. "काय म्हणतील त्या? बाप-लेकीने मिळून फसवलं. तुझ्याविरुद्ध पत्र विद्यापीठात जाईल, त्या मंडळात जाईल. माझं गेलं तर गेलं, दुसरं बघेन. तुझ्यासारखं आमच्यात कोण झालंय? तू तिथे मॅडम आहेस, मॅडमच राहा."

आई दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. "चहा ठेवलाय," ती म्हणाली. "दोघांना एकदम राग आला असेल तर एकदमच प्या."

२२ मार्च, रविवार

बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून कालपासून तेच पुन्हा पुन्हा पारखून पाहते आहे. मी गप्प राहिले तर भिंत नक्की जाते आणि शाळाही नक्की जातात. सांगितले तर दोन्ही जातील असे होऊ शकते, शिवाय माझे नावही खराब होऊ शकते. पण सांगितले तर निदान शाळा राहण्याची शक्यता आहे. भिंत राहण्याची शक्यता मला कुठेच दिसत नाही, आणि आता मी ती मागणारही नाही. भिंत साफ व्हायची असेल तर ती बाबांनी करावी. पंधरा वर्षे त्यांचे काम आहे ते.

आणि मंडळाला मीच कळवायचे. निरीक्षक येऊन पाहतील तेव्हा नाही, त्याआधी. जागा राहिलेली नाही, आणि ती साफ करणारे माझे वडील आहेत. बाईंना दुपारी फोन केला. त्या म्हणाल्या, "दुसरं वाक्य लिहायलाच हवं असं नाही." मी म्हटले, नाही लिहिले तर पहिले अर्धेच खरे राहील. त्या म्हणाल्या, पत्र पाठवण्याआधी मला दाखव, व्याकरण बघते. बाईंनी माझे व्याकरण आजवर कधी पाहिलेले नाही.

९ तारखेला एका शब्दासाठी जागा सोडली होती. तो शब्द लाज. बाबांची नव्हे, असे लिहिणार होते. थोडी बाबांचीही होती. तसेच लिहिले आहे.

मुख्याध्यापिका रोज सकाळी पहिल्या घंटेआधी खोलीत एकट्या असतात. घंटा झाली की दिवसभर माणसे. सह्या दुपारी आहेत. काय बोलायचे ते ठरले आहे: आधी की ते माझे वडील आहेत, मग की खोटे त्यांनी माझ्यासाठी सांगितले आणि मी त्यांना तसे सांगायला लावले नव्हते, पण कळायला हवे होते ते मला कळले नाही. मग की काम त्यांच्याकडेच ठेवा, भिंतीसकट.

घरी कोणाला सांगितलेले नाही. बाबा पुन्हा आवाज चढवतील. सुदैवाने त्यांना उद्या सकाळी लवकर कुठेतरी जायचे आहे. मघाशी आईला पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवायला सांगत होते, साडेसातच्या आत पोचायचे आहे म्हणून. लग्नकार्य सोडून बाबा तो शर्ट घालत नाहीत, तेव्हा काम मोठे असावे. कदाचित दुसरीकडे कुठे काम मागायला जात असतील. आईने कुठे ते विचारले नाही, आणि माझ्याकडे पाहून हसली. तिला हसू कशाचे आले कळले नाही. ते बाहेर पडले की मी निघेन, म्हणजे दारात गाठ पडायला नको.

उद्या, २३ मार्च, सोमवार, सकाळी साडेसात, मुख्याध्यापिकांची खोली.